पाटीवरचा आवाज

माझे दाजी किल्ल्या बनवतात. त्यांच्या हाताला असा गुण आहे की कुलूप त्यांना लांबून बघूनच निम्मं सैल होतं. एकदा एका बाईंनी अडकलेलं कपाट उघडायला त्यांना बोलावलं. हे जिना चढत होते तेवढ्यात वर कपाट आपसूक उघडलं आणि बाईंनी यांना दारातूनच वाटेला लावलं. खोटं वाटत असेल तर कपाटाला विचारा, अजून तिथेच उभं आहे.

तर या दाजींचं एक तत्त्व होतं. कुलूप फोडायचं नाही. एक किल्ली लागली नाही तर दुसरी लावायची, दुसरी नाही तर तिसरी, पण फोडायचं नाही. जन्मभर हे तत्त्व त्यांना पावलं. मग त्यांनी ते कॉम्प्युटरला लावलं आणि माझ्या बहिणीचा आवाज जाता जाता राहिला. की राहता राहता जाणार होता? ऐका, म्हणजे कळेल.

ताईच्या गळ्यात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी आडवळण न घेता सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव राहील, आवाज राहणार नाही. आता ताईचा आवाज म्हणजे साधासुधा नव्हे. बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायची नोकरी तिची. तिनं माइकवर ‘गाडी सुटत आहे’ म्हटलं की इंजिन उतरवून ठेवलेली गाडीसुद्धा वीतभर पुढे सरकायची. घरी तर तिला माइकही लागत नसे. असा आवाज कापून टाकायचा म्हटल्यावर घरात कोणी कोणाच्या तोंडाकडे बघेना.

हॉस्पिटलात बोलण्यावर उपचार करणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी घरी शांत खोलीत बसून ठरावीक वाक्यं वाचायची आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची. मग पुढे ताईनं फोनवर काही टाइप केलं की फोन तिच्याच आवाजात बोलेल. मॅडमनी चांगला माइकही उसना दिला आणि बजावलं, “फोनवर रेकॉर्ड करू नका, त्यात आवाज दबतो. आणि जे करायचं ते आधी करा. नंतर करायला आवाजच नसणार.”

घरातला लॅपटॉप इतका म्हातारा की त्याला नमस्कार करावा. दुरुस्तीवाल्यानं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, “आतली डिस्क मेली. बॅटरी तर केव्हाच वारली. भंगारात द्या.” दाजींना फार लागलं. फोडायचं नाही म्हणणारा माणूस भंगारात काय देणार?

माझी भाची ऑफिसात कॉम्प्युटरवरच काम करते. ती म्हणाली, “बाबा, डिस्क नसली तरी चालेल. कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स नावाची सिस्टीम पेनड्राइव्हवरूनही चालते. पण त्यात शंभर प्रकार असतात, तुमच्या खटाऱ्याला कुठला मानवेल सांगता येत नाही.” आणि तिनं एकाच पेनड्राइव्हमध्ये बरेच प्रकार भरून दिले. लॅपटॉप सुरू केला की पडद्यावर नावं येत, हवं ते निवडायचं.

दाजींचे डोळे चमकले. “अगं, हा तर जुडगाच!”

मग त्यांनी एकेक किल्ली फिरवायला घेतली. ती इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर ठरेनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. पहिली ढोली. दिसायला देखणी, पण सकाळी बटण दाबलं तर दुपारी डोळे किलकिले करायची. दुसरी मुकी. चटपटीत होती, पण तिच्या घशातून हूं की चूं निघेना. तिसरीनं पडदाच काळा ठेवला, तिचं नाव मी इथं सांगत नाही. चौथी पिटुकली. तिच्यावर दाजींचा जीवच जडला. उंदरासारखी पळायची, आणि बंद करताना नम्रपणे विचारायची, जे केलंत ते पेनड्राइव्हमध्ये जपून ठेवू का? हो म्हटलं की ठेवायची. दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथं. “अशी सून मिळायला भाग्य लागतं,” दाजी म्हणायचे. पण पिटुकलीला तो उसना माइक काही केल्या ऐकू येईना.

शेवटची निघाली घुमी. तिला माइक ऐकू येई, अगदी घड्याळाची टिकटिकसुद्धा. फक्त वायफायशी तिचा जन्माचा अबोला. दाजी म्हणाले, “आपल्याला जगाशी काय करायचंय? ताईचं ऐकलं म्हणजे झालं.” ताईला तेही ताईच म्हणायचे, माझ्यामुळे सवय लागलेली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताईनं दार लावून सगळी वाक्यं वाचली. शेवटच्या वाक्यापर्यंत घसा धरून आला, पण तिनं वाचलं. दाजींनी फाइली जपून ठेवल्या, घुमीच्या डेस्कटॉपवर, नीट नाव देऊन. लॅपटॉप मात्र बंद केला नाही. “एवढ्या मिनतवारीनं उठलेली बाई, निजवायची कशाला?” एवढंच त्यांचं म्हणणं. त्या आळसापायी ही गोष्ट सांगायला मिळतेय.

दुसऱ्या दिवशी ताईला आत नेलं. दार मिटलं, वर लाल दिवा लागला. भाची, दाजी आणि मी बाकावर. दुपार कलली तेव्हा त्या मॅडम घाईघाईनं आल्या.

“रेकॉर्डिंग आणलंत ना? मला आजच द्या. उद्यापासून मी रजेवर आहे, त्याआधी पुढे पाठवायला हवं.”

दाजी ताडकन उठले. “घरी पेनड्राइव्हमध्ये आहे. उपटून खिशात घालतो आणि आलोच. चला मेव्हणे.”

भाची तिथंच थांबली. आम्ही निघालो.

आमच्या इमारतीच्या खाली जिन्याशी मोठा विजेचा बोर्ड आहे. त्याचं झाकण उघडून एक वायरमन आत डोकं घालून उभा होता. शेजारी स्टुलावर त्याचा गाण्यांचा डबा, बॅटरीवर चालणारा, मोठ्यानं गात होता. जळक्या रबराचा वास सुटला होता.

“लाइट घालवणार आहे हो,” तो डोकं न काढता म्हणाला. “वायर तापलीय. हातातलं एवढं झालं की घालवतो.”

“घालवा, घालवा,” दाजी म्हणाले. “आम्हाला काय करायचीय लाइट!”

वर आलो. खोलीत पडदे ओढलेले, टेबलावर लॅपटॉपचा पडदा उजळलेला. त्याला दोनच भोकं धड होती. एकात पेनड्राइव्ह, दुसऱ्यात माइक. दाजी पुढे झाले, पेनड्राइव्ह चिमटीत धरला, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भाचीचा. त्यांनी डाव्या हातानं फोन स्पीकरवर टाकला. उजवा हात होता तिथंच.

“बाबा,” भाची कुजबुजत होती, कारण तिथं शांतता पाळा अशी पाटी होती, “मॅडम विचारतायत, रेकॉर्डिंग किती मोठं आहे?”

“आता काढतोच आहे. तिथं आलो की बघू.”

“काय काढताय?”

“पेनड्राइव्ह. त्यातच आहे ना सगळं.”

भाची एकदम ओरडली. शांतता पाळण्याच्या पाटीचं काय झालं कोण जाणे.

“हात काढा! बाबा, हात काढा आधी! पिटुकलीत केलंत की दुसऱ्या कुणात?”

“पिटुकलीला ऐकू येत नव्हतं गं. घुमीत केलं.”

“मग त्यात काही नाही! पेनड्राइव्हमध्ये काहीही नाही! मामा, त्यांचा हात धर.”

मी धरला.

भाचीनं भराभरा सांगितलं, ते असं. पिटुकली आपलं लिहिलेलं वहीत उतरवून ठेवते. घुमी सगळं पाटीवर लिहिते. लॅपटॉप चालू तोवर पाटी आहे. वीज गेली, बंद झाला, कोणी पेनड्राइव्ह उपटून गोंधळ घातला, की पाटी पुसली. नंतर कुठल्याही दुकानदाराला, कुठल्याही देवाला ती परत लिहिता येणार नाही.

“पण मी जपून ठेवलं होतं,” दाजी म्हणाले. “नाव देऊन ठेवलं होतं. तिचंच नाव दिलं होतं.”

“पाटीवरच ठेवलं, बाबा.”

आणि मग माझ्या डोक्यात खालचा जळका वास शिरला. मी दाजींकडे बघितलं. त्यांनाही तोच आला असावा. “मेव्हणे,” ते म्हणाले, “वायरमन.”

मी त्या जिन्यावरून कसा उतरलो ते मला माहीत नाही. पायऱ्यांनीच मला एकमेकींच्या हाती दिलं असावं. खाली पोचलो तेव्हा वायरमननं जाड हातमोजा चढवून मेन स्विचच्या मोठ्या दांड्यावर हात ठेवलेला होता.

“थांबा!” मी ओरडलो. “माझ्या बहिणीचा आवाज आत आहे!”

त्यानं बोर्डात वाकून बघितलं. “इथं?”

“वर! लॅपटॉपमध्ये! लाइट गेली की तो जाणार!”

“काका, इकडं नाक आणा.” त्यानं मला जवळ ओढलं. आत एक काळी वायर मऊ होऊन ओघळायला लागली होती. “ही पेटली तर तुमच्या बहिणीचा आवाज काय, अख्ख्या बिल्डिंगचा आरडाओरडा ऐकायला मिळेल. दांडा ओढायलाच हवा.”

“तिचं आत्ता ऑपरेशन चालू आहे. गळ्याचं. आवाज काढतायत तिचा. परत रेकॉर्ड करता येणार नाही.”

वायरमननं दांड्यावरचा हात काढला नाही, पण ओढलाही नाही. “मग दुसरीकडं उतरवून घ्या की. फोनमध्ये घ्या.”

मी तोच निरोप जिन्यातून वर फेकला. वरून दाजींचा आवाज आला, “माइक काढून फोन लावला! दिसतच नाही!” मागोमाग भाचीचा आवाज स्पीकरमधून, “ती वायर नुसती चार्जिंगची असेल बाबा, तिच्यातून फाइली जात नाहीत! दुसरा पेनड्राइव्ह बघा!”

“घरात दुसरा नाही!”

मी वायरमनकडे बघितलं. वायरमन बोर्डाकडे बघत होता. त्याच्या शेजारी स्टुलावर डबा गात होता, आणि त्या डब्याच्या कुशीत एक लाल पेनड्राइव्ह खोचलेला होता.

वायरमननं माझी नजर पकडली. “नाही,” तो म्हणाला. “त्यात माझी सगळी गाणी आहेत. वेचून वेचून गोळा केलेली.”

“अरे, बहीण आहे माझी.”

“बहीण मलाही आहे, काका.” त्यानं मान फिरवली, वायरीकडे बघितलं, मग गाणं मधेच तोडून पेनड्राइव्ह उपटला आणि माझ्या तळहातावर आपटला. “पळा. ही वायर लाल झाली की मी दांडा ओढणार. मग कोणाचाही आवाज असो.”

वर गेलो. पाय माझे होते की शेजाऱ्यांचे, आठवत नाही. दाजींनी पेनड्राइव्ह माइकच्या भोकात लावला. घुमीनं ओळखला. भाची सांगत होती तसं त्यांनी ताईच्या नावाची फाइलींची थैली ओढून त्यावर सोडली. पडद्यावर सूचना आली, जागा नाही.

“भरलाय! गाण्यांनी भरलाय!”

“गाणी काढा काही!”

मी जिन्यात जाऊन ओरडलो, “वायरमनसाहेब, कुठली काढू?”

“लग्नातली काढा!” खालून आलं. “माझ्याच लग्नातली आहेत, मी परत ऐकत नाही!”

दाजींनी लग्न पुसलं. तरी जागा नाही. त्यांनी परत ओढलं, परत तीच सूचना. त्यांच्या कपाळावरचा घाम टेबलावर पडायला लागला. किल्ली फिरतेय, आणि दार तसंच.

“कचरापेटी!” भाची म्हणाली. “बाबा, पुसलेलं सगळं कचरापेटीत बसलंय, आणि ती कचरापेटी त्याच पेनड्राइव्हवर आहे. ती रिकामी करा!”

“घर झाडून कचरा घरातच ठेवायचा, ही कुठली रीत?”

“बाबा!”

रिकामी केली. आता फाइली उतरायला लागल्या. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. आम्ही दोघं तिच्याकडे असे बघत होतो की ती लाजून थांबेल. खालून वायरमन ओरडला, “लाल व्हायला लागली!” पट्टी सरकत होती. खोलीतला दिवा एकदा मंदावला, लॅपटॉपचा पडदा थरथरला, आम्हा दोघांचे हात आपोआप त्याच्या दोन्ही बाजूंना गेले, पडणाऱ्या माणसाला धरावं तसे. पडदा सावरला. पट्टी टोकाला पोचली आणि नाहीशी झाली.

“झालं!” दाजींनी लाल पेनड्राइव्ह धरला.

“काढू नका!” भाचीचा आवाज आता रडवेला होता. “पट्टी खोटं बोलते. ती आधी मोकळी होते, खरं लिहिणं मागून चालू असतं. आधी त्याच्या नावासमोरचं बाहेर काढायचं चिन्ह दाबा. आता काढा असं म्हणेल तेव्हाच काढा.”

दाजींनी दाबलं. पडद्यावर आलं, लिहिणं चालू आहे, काढू नका.

“ओढतोय हो!” खालून.

“नको!” मी कठड्यावरून अर्धा लटकलो. “थोडा थांब, राजा!”

“काका, धूर येतोय!”

दाजी पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. जवळ गेलो तर ते घुमीला म्हणत होते, “बाई, लिही. तुझ्या पाया पडतो, लिही. तुला घुमी म्हणणार नाही परत.”

फोनमध्ये भाचीपाशी कोणीतरी आलं. दाराचा आवाज, पावलांचा आवाज. “थांबा बाबा, डॉक्टर…” आणि ती फोनपासून लांब गेली. आता दोन्हीकडे काही कळेना. दाजींचा एक डोळा फोनवर, एक पडद्यावर. त्या वयात डोळे असे फाकवता येतात हे मी त्या दिवशी पाहिलं.

पडद्यावरची अक्षरं बदलली. दाजींनी वाचली की नाही, मला माहीत नाही. त्यांनी पेनड्राइव्ह उपटला, आणि त्याच क्षणी खाली खाड्कन दांडा पडला. लॅपटॉपचा पडदा काळा झाला. घुमी गेली. पाटी पुसली. पडदे ओढलेल्या त्या खोलीत आम्ही दोघं, आणि दाजींच्या मुठीत ती लाल कांडी.

“आता काढा असं आलं होतं ना, मेव्हणे?”

“आलं होतं,” मी म्हणालो. मला नक्की दिसलं नव्हतं. पण त्या वेळी नाही म्हणायला माणूस दगडाचा लागतो.

“की लिहिणं चालू आहे असंच होतं?”

“आलं होतं म्हटलं ना, दाजी.”

ते जिना उतरायला लागले. एका हातात फोन, तो अजून चालूच होता, दुसरा हात छातीशी. प्रत्येक पायरीवर थांबत होते, जणू मुठीत दिवा धरलाय आणि वारा सुटलाय. खाली वायरमन काळ्या तोंडानं उभा होता. धूर जिन्याच्या तोंडाशी पातळ होत होता. दाजींनी मूठ उघडली, त्यानं कांडी घेतली आणि डब्यात लावली.

आधी एक गाणं सुरू झालं. वायरमननं बटण दाबलं. दुसरं गाणं. परत दाबलं. तिसरं. दाजींनी भिंतीला पाठ टेकवली. आणखी एक गाणं. वायरमन आता आमच्याकडे न बघता बटण दाबत होता.

मग डब्यात खरखर झाली, आणि ताई बोलली.

“मला पाणी हवं आहे.” स्वच्छ, गाडीची घोषणा करावी तसं. “मला इथं दुखतं आहे. आज मला बरं वाटतं आहे.”

जिन्यात वरच्या मजल्यावर दारं उघडली. लाइट का गेली विचारायला आलेली माणसं कठड्याशीच थांबली. फोनमधून भाचीचा आवाज आला, अगदी बारीक. “बाबा, आईला बाहेर आणलंय. डॉक्टर म्हणतात, नीट झालं. डोळे उघडलेत तिनं.” आणि मग, “बाबा? हे कोण बोलतंय?”

दाजींनी फोन डब्याजवळ धरला.

“उद्या आपण बाहेर जाऊ,” ताई म्हणाली. “दार उघडं आहे.” मग कागद उलटल्याचा आवाज आला, आणि तिचा खरा आवाज, घरचा, माइक न लागणारा, सगळ्या जिन्यात घुमला. “अहो! तो पंखा बंद करा म्हटलं ना, सगळी घरघर येतेय माझ्या बोलण्यात!”

वायरमननं हातमोजा काढून डोळ्यांवरून फिरवला आणि तोंड आणखी काळं करून घेतलं.

दाजी भिंतीपासून सुटून सरळ उभे राहिले, डब्यापुढे, दोन्ही हात खाली सोडून, चूक करताना पकडलेल्या माणसासारखे.

“केला,” ते म्हणाले. “केला गं, बंद केला.”